कुंदा, ग्राफिक्स कार्ड आणलं

कुंदा, आधी कबुली देऊन टाकतो. भाव उतरला नाही. चढला.

दीड वर्ष मी तुला सांगत होतो, थांब, उतरेल. तू गेल्यावर सोळाव्या दिवशी कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो, तर तू दाखवलं होतंस तेच ग्राफिक्स कार्ड आणखी महाग झालेलं. मनोज भैयाने आकडा सांगितला आणि मी मुकाट्याने पैसे काढले. बिचारा घाबरला. "अंकल जी, तबीयत तो ठीक है ना?" म्हणाला. इतक्या वर्षांत त्याच्या दुकानातून मी घासाघीस न करता साधी वायरसुद्धा घेतलेली नाही. तू असतीस तर आठ दिवस हसली असतीस आणि आपल्या चेरीतालमधल्या चार घरी जाऊन सांगून आली असतीस.

तर तो मुद्दा तुझा. बाकीचे मुद्दे मी अजून सोडलेले नाहीत. आपलं भांडण अर्ध्यावर राहिलं आहे, आणि काही अर्ध्यावर टाकायची तुझी सवय नव्हती. पानात भाताचं एक शीत टाकू द्यायची नाहीस. तू गेलीस तेव्हा आपला अबोला चालू होता. तिसरा दिवस. आपला सगळ्यात लांबलेला अबोला अकरा दिवसांचा, त्या मानाने तीन दिवस म्हणजे काहीच नाही, हे मला कळतं. पण तो संपला होता. हा संपायचा राहिला. त्यामुळे रोज सकाळी डोळे उघडले की पहिला विचार तोच येतो, की तू माझ्यावर रागावलेली असताना गेलीस का. कुणाला विचारू? आपल्या निखिलला विचारलं, तर तो म्हणतो, "बाबा, तुम्ही काहून इतका सोच करून राहिले? आई कधी कुणावर गुस्सा करत होती का?" सख्ख्या मुलाला आई इतकीच माहीत.

भेटायला आलेल्यांपैकी कुणालाच तू माहीत नव्हतीस म्हणा. नागपूरहून तुझी मावसबहीण आली. डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "शेवटपर्यंत देवाचं करत होती हो." मी मान हलवली. काय सांगू तिला? की दुपारची जेवणं झाली की तू मोबाईलवर भजन लावून ठेवायचीस, शेजारच्या तिवारी भाभींना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, आणि स्वतः कॉम्प्युटरसमोर बसून चाळीस टनांचा ट्रक हाकत परदेशातल्या कुठल्या तरी गावी सिमेंट पोचवायचीस? दीक्षितपुऱ्याच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलेली बाई, एकसष्ट वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधलेली, "हट मेल्या, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे" म्हणत समोरच्या लाल मोटारीला मागे टाकायची. आता भिंतीवरच्या फोटोत हार घालून इतकी सोज्वळ दिसतेस की मलाच ओळख पटत नाही.

हे ट्रकचं खूळ आलं कुठून, ते मला ठाऊक आहे, कारण त्यात माझाच हात आहे. मी फॅक्टरीत तपासणीला. तयार झालेला ट्रक पास करायचा की नापास, हे सांगण्याचा मला पगार मिळायचा. वर्षातून एक दिवस, विश्वकर्मा पूजेला, घरच्या लोकांना आत येऊ द्यायचे. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी तुला घेऊन गेलो. तू साडी सावरत एका नव्या ट्रकच्या केबिनमध्ये चढलीस, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलंस आणि उतरेचनास. खाली पोरांची रांग लागली. तेवढ्यात आमचे फोरमनसाहेब येताना दिसले आणि मी खेकसलो, "उतर आता, लोक बघताहेत." उतरलीस. घरी येईपर्यंत स्कूटरवर मागे बसून तू एकच वाक्य बोललीस, "किती लांबवर दिसते हो तिथून."

पुढे एकदा मी तुला स्कूटर शिकवायला घेतली होती. मैदानाला दीड चक्कर झाली. तेवढ्यात मी इतक्या वेळा "ब्रेक! ब्रेक!" ओरडलो की तू स्कूटर माझ्या हातात दिलीस आणि पायी घरी निघून गेलीस. त्यानंतर चाळीस वर्षं तू मागच्या सीटवर बसलीस. मीही पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, हौस फिटली.

मग निखिलने एका सुट्टीत त्याचा जुना लॅपटॉप इथे आणून टाकला, गंमत म्हणून तुला त्यावर ट्रक चालवायचा खेळ लावून दिला आणि स्वतः बंगळुरूला निघून गेला. लॅपटॉप इतका तापायचा की तू त्याच्याखाली पोळपाट ठेवायचीस आणि टेबलफॅन त्याच्याकडे वळवायचीस. मे महिना, जबलपूरची गर्मी, मी घामाने निथळतोय, आणि घरातला पंखा लॅपटॉपला. एवढं करूनही तुझा ट्रक पुलाच्या तोंडाशी येऊन गोठायचा, आणि पुन्हा हलायला लागायचा तेव्हा नदीत असायचा. महिनाभर तू सिमेंट नदीत टाकलंस. मग एके दिवशी माझा पेपर खाली करून म्हणालीस, "ट्रक बराबर आहे, सडक बराबर आहे, मी बी बराबर चालवून राहिली. ही मशीन मरून राहिली. मला नवा कॉम्प्युटर पाहिजे, खेळायचा."

मी हसलो. त्या हसण्याबद्दल मला नंतर दोन दिवस बिनमिठाची भाजी मिळाली.

पेन्शन तुझी, पैसे तुझे, हौस तुझी. तरी बजेट मी ठरवलं. कसं काय, ते मला आजही सांगता येणार नाही. घरात काही यायचं असलं की ते आधी माझ्या तपासणीतून जाणार, ही आपल्याकडची वहिवाट, आणि तू ती कधी मोडली नाहीस. असला तयार कॉम्प्युटर केवढ्याला पडतो ते मी पाहिलं आणि खुर्चीत बसलो. ठरवलं, सुटे भाग घेऊ, घरीच जोडू. चाळीस हजार नटबोल्ट असलेले ट्रक ज्याच्या सहीशिवाय गेटबाहेर पडले नाहीत, त्याला एक डबा जोडता येणार नाही?

तीन महिने मी मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. पार्सल आलं की मी दारातच मोजमापाचा व्हर्निअर कॅलिपर घेऊन बसायचो. पहिलं कॅबिनेट कोपऱ्यात एक मिलिमीटर वाकडं निघालं, परत पाठवलं. दुसरं दीड मिलिमीटर वाकडं निघालं. पार्सलवाला हात जोडून म्हणाला, "बाऊजी, मैं तो सिर्फ पहुँचाता हूँ." शेवटी तूच मध्ये पडलीस. "याच्यात तारा ठेवायच्या आहेत, रणगाडा नाही ठेवायचा. ठेवून घ्या आता, तो माणूस उन्हात उभा आहे," म्हणालीस, आणि त्याला ताक आणून दिलंस.

प्रोसेसर मी असा निवडला की ज्याच्या पोटातच चित्र दाखवायची थोडीफार सोय असते. खरं म्हणजे अशा खेळाला ग्राफिक्स कार्ड वेगळं लागतं. झाडं, डोंगर, ऊनसावली नीट दिसायची तर ते काम त्याचं. पण सगळ्यात महाग भागही तोच. मी म्हणालो, "आत्ता याच्यावर चालव, कार्ड नंतर घेऊ." तू विचारलंस, "नंतर म्हंजे कधी?" मी म्हणालो, "भाव उतरला की." या तीन शब्दांवर मी दीड वर्ष काढलं, कुंदा.

सगळे भाग येईस्तोवर नवरात्र लागलं. खंडेनवमीला आपल्या घरी माझी हत्यारं पूजेला बसतात. पाने, पेचकस, कॅलिपर, आणि कडेला तुझी विळी. मी जाहीर केलं, मशीन आजच जोडायची, आणि जोडायच्या आधी पूजा करायची. पाटावर मदरबोर्ड मांडला, त्यावर प्रोसेसर बसवला. "हळदीकुंकू खोक्याला लावा. फूल बाजूला ठेवा. उघड्या मशीनवर अक्षता नका टाकू, बरं का," तू दोनदा बजावलंस. मी म्हणालो, "फॅक्टरीत जन्मभर मशीनवर अक्षता टाकल्या. एक लेथ बंद पडली नाही." आणि मूठभर टाकल्या. प्रोसेसरच्या पाठीवर कुंकवाचं बोट ओढलं. त्याच्यावर थर्मल पेस्ट लावायची असते, उष्णता पंख्याकडे जावी म्हणून; ती व्हिडिओत वाटाण्याएवढी सांगतात. मी मोहरीएवढी लावली आणि उरलेली ट्यूब फ्रिजमध्ये ठेवली, पुन्हा लागेल म्हणून.

मग बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, पडदा काळा. आणि आतून शिट्ट्या. दोन दिवस मी शोधत होतो. आधी प्लगवर संशय घेतला, मग मॉनिटरवर, मग तिवारींच्या एसीवर. तिसऱ्या दिवशी कॅबिनेट चादरीत गुंडाळून आपण स्कूटरवरून मनोज भैयाकडे गेलो, मागे तू, मांडीवर ते गाठोडं. वाटेत दोघा जणांनी गाडी हळू करून विचारलं की आत मूर्ती कुणाची आहे.

मनोज भैयाने रॅमची पट्टी काढली, खाचेत टॉर्च मारली, चिमट्याने काहीतरी उचललं आणि उजेडात धरलं. पिवळा तांदूळ. "अंकल जी," तो अगदी आदराने म्हणाला, "मशीन में पुलाव किसने बनाया?" मी घसा खाकरला. तू पर्समधून रुमाल काढून तोंडावर धरलास. त्याने मग पंखा उतरवला आणि प्रोसेसरकडे पाहत राहिला. "और ये सिंदूर? इसकी शादी हो गई क्या?" तेव्हा मात्र तुला आवरलं नाही. दुकानाबाहेरच्या स्टुलावर बसून तू इतकी हसलीस की चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. मी लालबुंद झालो होतो आणि घरी येईपर्यंत बोललो नाही. आज सांगतो, तुला तसं हसताना मी फार वर्षांनी पाहिलं होतं. मला ते आवडलं होतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं.

मशीन चालू झाली. पहिल्या दुपारी तुझा ट्रक पुलाच्या या टोकावरून त्या टोकाला न थांबता गेला, आणि तू उठून शिरा केलास. दोन वाट्या केल्यास, एक माझी. मला वाटलं, विषय संपला. पण कार्डाशिवाय खेळातलं जग सगळं अर्धवट दिसायचं. झाडं म्हणजे हिरवे पुठ्ठे उभे केलेले. रस्त्याकडेच्या माणसांना चेहरे नव्हते. पाऊस पडतोय असं कोपऱ्यात लिहून यायचं, पण काचेवर एक थेंब नाही. तू म्हणायचीस, "एवढ्या दूर येऊन मला काहीच नाही दिसून राहिलं." मी म्हणायचो, "सिमेंट पोचतंय ना?"

जुनं कार्ड शोधायला आपण शहरभर फिरलो, हे तुला मान्य करावं लागेल. मी नुसता बसून नव्हतो. एका कार्डाला जळका वास होता. तू म्हणालीस तो अगरबत्तीचा आहे. दुसऱ्याचा पंखा डुगडुगत होता. तू म्हणालीस आपला छताचा पंखा गेली वीस वर्षं डुगडुगतोय. मी दोन्ही नापास केली. पण तिसरं, महाराजपूरचं, ते मी पास केलं होतं. लक्षात आहे ना? ते कुणी घालवलं, हे जाहीरपणे लिहून ठेवायची वेळ आली आहे.

आर्मीतलं मराठी जोडपं, साताऱ्याकडून बदली होऊन आलेलं. जाहिरात बायकोने दिली होती, स्नेहल तिचं नाव. कार्ड नवंकोरं, आणि भाव असा की माझा हात आपोआप खिशात गेला. कॅलिपर लावायचीसुद्धा गरज वाटली नाही. तू मात्र विचारलंस, "मिस्टरांना माहीत आहे का?" ती म्हणाली, "नाही काकू. ड्युटीवरून आले की तोंड त्या स्क्रीनमध्ये. मी घरात आहे की नाही त्यांना पत्ता नसतो. घेऊन जा तुम्ही, परत दिसायला नको मला ते." मी पैसे मोजत होतो आणि तू चहाला बसलीस. तिथेच मला कळायला हवं होतं. अर्ध्या तासात तू तिला काय काय सांगितलंस देव जाणे. मी ऐकलं ते एवढंच, "मशीन विकून नवरा बोलायला नाही लागत पोरी. तू असं कर, बाजूला एक खुर्ची टाक. म्हण, मला बी शिकव." ती रडली, हसली, तिने तुला वाकून नमस्कार केला, आणि कार्ड पुन्हा आत नेऊन ठेवलं. मी नोटा हातात घेऊन दाराशी उभा.

परत येताना मी आधारतालपर्यंत बोलत होतो. असा माल पुन्हा मिळायचा नाही, समाजसेवाच करायची होती तर मला कशाला आणलंस, सगळं बोललो. तू मागून म्हणालीस, "त्या पोरीला समजलं. तुम्हाला समजलं का काही?" मी विचारलं, "काय समजायचं आहे त्यात?" तू म्हणालीस, "काही नाही. समोर पाहून चालवा."

मला खरंच समजलं नव्हतं, कुंदा. तुझ्या कॉम्प्युटरच्या बाजूला आपली दुसरी खुर्ची होती. तिच्यावर इस्त्रीला द्यायचे कपडे असायचे. दीड वर्षात मी ते कपडे उचलून एकदाही तिथे बसलो नाही. मी समजत होतो, मशीन जोडून दिली, माझं काम झालं. तू कुठे जातेस, काय पोचवतेस, वाटेत काय लागतं, काही विचारलं नाही. विचारला तो फक्त विजेच्या बिलाचा आकडा. याबद्दल माझ्याकडे काही सबब नाही. चूक झाली.

आता शेवटचं भांडण. सोमवारी तू मनोज भैयाच्या दुकानातून आलीस ती कागदावर लिहून घेऊनच. नवं कार्ड, आठवडाभर सवलतीत, तुझ्या त्या फळ्यावरच्या अक्षरात आकडा आणि खाली दोन रेघा. मी म्हणालो, "होळी झाली की उतरेल." तू पदर खोचलास. म्हणालीस, "तुमचा भाव उतरेल तेव्हा उतरेल. मी काहून थांबू? मी काय अमरपट्टा बांधून आली का? माझे पैसे, माझी मशीन, अन् मीच दीड वर्षापासून हात जोडून राहिली!" एवढ्यावर मी गप्प बसायचं होतं. पण मी म्हणालो, "झाडाची पानं बघायला एवढे पैसे? खिडकीतून बघ, फुकट आहेत."

तू खिडकीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, आणि आत गेलीस.

तुझा अबोला म्हणजे काही शांतता नसते. तू बोलत असतेसच, फक्त माझ्याशी नाही. दोन दिवस सगळं फ्रिजला आणि तुळशीला सांगणं चाललं होतं. "ज्यांना जेवायचं असेल त्यांनी पानावर यावं." "ज्यांची गोळी राहिली असेल त्यांनी ती घ्यावी." मीही कमी नाही, मीही कॅलेंडरला उद्देशून हो म्हणत होतो. बुधवारी सकाळी तू ओट्यावर माझा चहा ठेवलास आणि म्हणालीस, "ज्यांचा असेल त्यांनी घ्यावा, गार होऊन राहिला." मग बाहेर येऊन खुर्चीत बसलीस. मी पेपर तोंडासमोर धरून होतो. मनात म्हटलं, दहा मिनिटांनी घेईन, लगेच उठलो तर हरल्यासारखं होईल. दहा मिनिटांनी पेपर खाली केला तेव्हा तू मान कलती करून बसली होतीस. डॉक्टर म्हणाले, काही कळलंसुद्धा नसेल त्यांना. कळलं नसेल तर बरंच आहे. पण मी तिथेच होतो, चार हातांवर, आणि पेपर वाचत होतो. चहा तसाच राहिला. तो मी त्या दिवशी प्यायलो नाही आणि टाकूही दिला नाही. शेवटी तिवारी भाभींनी कप उचलून धुतला.

तेराव्यानंतर निखिल म्हणाला, "बाबा, कॉम्प्युटर इथे पडून पडून खराब होईल. मी घेऊन जातो, चलेगा ना?" मी म्हणालो, "एक भाग बसवायचा राहिला आहे. तो बसवल्याशिवाय मी मशीन पास करत नाही." तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग काही बोलला नाही. पोरगा तुझ्यावर गेलाय, कधी गप्प बसायचं ते त्याला कळतं. तो गेला आणि मी मनोज भैयाकडे गेलो.

कार्ड मी एकट्याने बसवलं. हळदीकुंकू खोक्याला लावलं, फूल बाजूला ठेवलं, अक्षता उघड्या मशीनवर टाकल्या नाहीत. दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलले, मग लक्षात आलं की आता मला तुझ्याच खुर्चीत बसावं लागणार आहे. खेळ उघडला. तुझा ट्रक रस्त्याच्या कडेला जिथे तू उभा केला होतास तिथेच उभा होता. आणि कुंदा, पानं दिसतात. एकेक पान वेगळं, वारा आला की हलणारं, खाली सावलीही हलते. काचेवर थेंब येतात आणि वायपर त्यांना पुसतो. लांबवर एक गाव आहे, त्यातल्या घरांच्या खिडक्यांत दिवे आहेत. खिडकीतून बघ म्हणालो होतो मी. आपल्या खिडकीतून तिवारींची पाण्याची टाकी दिसते.

मग मी ट्रक हलवला. तू ज्याला तीस सेकंदांत वळवायचीस तो ट्रक मी मागे घेताना पेट्रोल पंपात घातला. पोलीस आले, दंड झाला. पुढे घेतला तर टोलनाक्याचा दांडा मोडला, पुन्हा दंड. "ब्रेक! ब्रेक!" मीच ओरडत होतो, आणि ब्रेक कुठल्या बटणाला आहे तेच मला माहीत नव्हतं. घाबरून एक एक बटण दाबत सुटलो आणि भलतंच पान उघडलं.

या खेळात नुसता ट्रक चालवायचा नसतो, हे मला तेव्हा कळलं. स्वतःची ट्रक कंपनी काढता येते. खोटेखोटे ड्रायव्हर नोकरीला ठेवता येतात, त्यांना हवी ती नावं देता येतात, मग ते आपापले माल पोचवत फिरतात. पानाच्या वर लिहिलं होतं, कुंदा ट्रान्सपोर्ट, जबलपूर. तुझ्या गॅरेजमध्ये दोन ट्रक. एक तुझा, पहिल्या दिवसापासूनचा, बंपर वाकलेला, रंग उडालेला. दुसरा त्या खेळातला सगळ्यात मोठा, कोरा करकरीत, निळा. खाली खरेदीची तारीख. मी उठून कॅलेंडर पाहिलं, पुन्हा येऊन तारीख पाहिली. मंगळवार. अबोल्याचा दुसरा दिवस.

त्या निळ्या ट्रकच्या ड्रायव्हरचं नाव होतं, मधुकर जी.

कुंदा, चाळीस वर्षांत तू माझं नाव घेतलं नाहीस. लग्नात उखाण्यात घेतलंस तेवढंच. दवाखान्यात, बँकेत, रेशनच्या दुकानात कुणी विचारलं की मला कोपराने पुढे ढकलायचीस. आणि इथे ते लिहून ठेवलं होतंस, वर जी लावून, रोज दुपारी तुझ्या डोळ्यांसमोर.

मी नावावर बोट नेलं तर त्याची सगळी माहिती उघडली. तपासणीतल्या माणसाला असला कागद वाचता येतो. नोकरीला लागून एक वर्ष झालेलं. माल वेळेवर एकदाही पोचवलेला नाही. दंड कंपनीत सगळ्यात जास्त याचेच, आधीचा ट्रकही मोडून भंगारात घातलेला. कामगिरी असमाधानकारक, तांबड्या अक्षरात, आणि त्याच्यापायी कंपनीला तोटा. मी असा माणूस बघता क्षणी नापास केला असता. खेळाचंही तेच मत असावं, कारण नावाच्या शेजारीच बटण होतं, कामावरून काढा. एकदा दाबलं की झालं. वर्षभर तू रोज ते पान उघडत असणार, आणि सोमवारच्या त्या बोलण्यानंतरही उघडलं होतंस. मंगळवारी तुझ्या समोर ते बटण होतं आणि नव्या ट्रकचे पैसे होते. स्वतःचा जुनाच चालवत राहिलीस आणि त्याला नवा घेऊन दिलास.

रागावली होतीस, कबूल. पण कामावरून काढलं नव्हतंस.